मुलाला कॉलेज बेसबॉलमध्ये कोचच व्हायचंय. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या?

शार्लटकर_बाबा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आठ वर्षं इथं नुसता वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही नॉर्थ कॅरोलायनात. मुलगा इथलाच जन्मलेला, बावीस वर्षांचा, मे महिन्यात डिग्री झाली, कायनेसिऑलॉजी, म्हणजे शरीराच्या हालचालींचं शास्त्र (हो, आम्ही कॉम्प्युटर सायन्स म्हणत होतो, असो). चारही वर्षं कॉलेजच्या बेसबॉल टीमबरोबर होता पण खेळाडू म्हणून नाही, बुलपेन कॅचर म्हणून. म्हणजे मॅच चालू असताना तिकडे कुंपणापाशी जे पिचर वॉर्मअप करतात त्यांचे बॉल उकिडवं बसून पकडत राहायचे. चार वर्षांत पठ्ठ्याचं नाव एकदाही स्कोअरबोर्डवर आलं नाही पण गुडघे माझ्यापेक्षा जास्त कुरकुरतात.

आता म्हणतो कोचिंगच करणार. दोन ऑफर आहेत. एक डिव्हिजन वनची (कॉलेज खेळांतली सगळ्यात वरची पायरी) मोठी युनिव्हर्सिटी, बेसबॉल ऑपरेशन्समध्ये असिस्टंट, वर्षाला ३४ हजार डॉलर, इन्शुरन्स, पण ऑफर लेटरमध्येच लिहिलंय की मैदानावर खेळाडूंना शिकवायचं नाही. दुसरी डिव्हिजन टूचं छोटं कॉलेज, ग्रॅज्युएट असिस्टंट, मास्टर्सची फी माफ आणि वर्षाला साडेसात हजार डॉलर स्टायपेंड. साडेसात हजार. वर्षाला. मी दोनदा विचारलं, महिन्याला का म्हणून. इथं मात्र मैदानावर कोचिंग करायला मिळणार.

त्याला दुसरीच हवीय. हिचं म्हणणं, दोन्ही नको, त्यापेक्षा फिजिकल थेरपीला जा. घरात तीन दिवस फक्त "जेवायला या" एवढंच बोलणं चालू आहे. मला बेसबॉलमधलं होमरन सोडून काही कळत नाही. कोणाला या लाइनची आतली माहिती आहे का? याला करियर म्हणतात का?

पोळीभाजी

३४ हजारवालं घ्या आणि विषय संपवा. इन्शुरन्स आहे ना? अमेरिकेत इन्शुरन्स म्हणजे अर्धा पगार. साडेसात हजारात माणूस जगतो कसा?

सदू_स्लिप

पुण्यातून लिहितोय, बेसबॉल शून्य, क्रिकेट पोटभर. सपोर्ट स्टाफ म्हटलं की मला आपला टीम इंडियाचा रघू आठवतो, तो साइडआर्म घेऊन नेटमध्ये थ्रोडाऊन देतो तो. विराटपासून सगळे त्याचं नाव घेतात पण रस्त्यात दिसला तर किती जण ओळखतील? आणि २०२४ च्या टी२० वर्ल्डकपनंतर बोर्डाने १२५ कोटी दिले तेव्हा द्रविडने म्हणे आपले पाच नको, आपल्या पारस म्हांब्रेला आणि बाकीच्या कोचेसना अडीच आहेत तर मलाही अडीचच द्या असं सांगितलं, अशी बातमी होती. म्हणजे तिथेही उतरंड आहेच. फक्त तिथल्या उतरंडीत खालच्यालाही कोटी मिळतात, तुमच्याकडे साडेसात हजार :)

फंगोबाज

बाबा, तुमचा धागा वाचून जेवण सोडून टाइप करतोय. मी या लाइनीत तीन वर्षं घालवलीत, आता डॅलसला इन्शुरन्स कंपनीत डेटाचं काम करतो. मूळचा सांगलीचा, एमएस स्टॅटिस्टिक्स करायला आलो तेव्हा बेसबॉल म्हणजे काय हे माहीत नव्हतं. कॅम्पसवर नोकरी शोधताना एक कागद दिसला, "बेसबॉल टीमला आकडेमोड येणारा विद्यार्थी हवा", कॅन्टीनपेक्षा बरं म्हणून गेलो, आणि गेलोच.

आधी टीममध्ये कोण कोण असतं ते सांगतो कारण बाहेरून सगळे कोचच वाटतात. डिव्हिजन वनला हेड कोच आणि तीन असिस्टंट. साधारणपणे एक पिचिंगचा, एक बॅटिंगचा, आणि त्यातलाच कोणीतरी रिक्रूटिंग बघतो, म्हणजे शाळेतली पोरं हेरत गावोगाव फिरतो. यांना कोच म्हणायचं. त्यांच्याखाली जी फौज असते ती सपोर्ट स्टाफ. डायरेक्टर ऑफ ऑपरेशन्स म्हणजे बस, हॉटेल, जेवण, बॅटी, बूट, पाऊस पडला तर काय, सगळं त्याच्या डोक्यावर. मग प्लेअर डेव्हलपमेंटवाला, व्हिडिओवाला, आकडेवाला, बुलपेन कॅचर, आणि तळाला स्टुडंट मॅनेजर. स्ट्रेंथ कोच आणि ट्रेनर वेगळे, ते युनिव्हर्सिटीचे असतात.

ऑपरेशन्सवाल्यांनी शिकवायचं नाही हा नियम जुना आहे. श्रीमंत कॉलेजांनी वेगवेगळ्या नावांखाली पंधरा कोच ठेवू नयेत म्हणून. फुटबॉलला (अमेरिकन फुटबॉल) ही अट २०२४ मध्ये काढली. नियम वरचेवर बदलतात, तेव्हा मुलाला तिथल्या कम्प्लायन्स ऑफिसला सरळ विचारायला सांगा की मी पोरांना फंगो मारू शकतो का. (फंगो म्हणजे लांब, बारीक, हलकी बॅट. स्वतःच बॉल उडवून फिल्डरांना कॅच आणि ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून जाणारे बॉल, द्यायचे. आमच्या क्रिकेटच्या कोचने एका स्टंपने जे केलं असतं ते.)

आता दिवस कसा असतो. खेळाडूंना सीझनमध्ये आठवड्याला २० तासांच्या वर राबवायचं नाही असा नियम आहे. स्टाफला असला काही नियम नाही :) फेब्रुवारीच्या मध्यापासून रेग्युलर सीझनच्या ५६ मॅच, शुक्र-शनि-रवि सिरीज, मंगळवारी नाहीतर बुधवारी मधली एक. सकाळी लवकर जाऊन पिंजरा ओढायचा, एल स्क्रीन लावायची, पाच गॅलनच्या बादल्या भरायच्या. त्या बादलीच्या झाकणाला गादी असते, तीच आमची खुर्ची. मग बॅटिंग प्रॅक्टिसला बॉल टाकायचे, साठ फुटांवरून नाही, पुढे येऊन, जाळीच्या आडोशाने, एकाच वेगाने, एकाच जागी, शेकड्याने. दिसायला सोपं. मी पहिल्या दिवशी सलग चार बॉल पोरांच्या बरगडीत घातले, तेव्हापासून मला फक्त लॅपटॉप दिला.

रात्री मॅच झाली की ट्रॅकमॅनचा डेटा. प्रत्येक पिचचा (पिच म्हणजे इथे पिचरने टाकलेला बॉल) वेग, फिरकी, किती इंच वळला. मशीन सगळं मोजतं पण कधी स्लायडरला कर्व्ह म्हणतं, ते हाताने दुरुस्त करायचं. अडीचशे-तीनशे पिच, एकेक करून. मग उद्याच्या टीमचा रिपोर्ट. रात्रीचे दोन. सकाळी सहाला परत हजर.

उद्या अजून लिहितो, यात मुख्य गोष्ट राहिलीच, पैशाची.

वकीलीणबाई

पैशाचं मी सांगते कारण मला यातला खेळ कळत नाही पण खटले पाठ आहेत. आणि या धंद्याची अर्धी गोष्ट कोर्टातच घडलीय.

१९९२ मध्ये एनसीएएने (कॉलेज खेळांचे नियम ठरवणारी संस्था) खर्च कमी करायचा म्हणून एक नवीन जात तयार केली, "रिस्ट्रिक्टेड अर्निंग्ज कोच". नावातच रिस्ट्रिक्टेड. फुटबॉल सोडून बाकी खेळांत टीमला एक असा कोच, त्याला शैक्षणिक वर्षात जास्तीत जास्त १२ हजार डॉलर आणि उन्हाळ्यात ४ हजार, एकूण १६ हजार, बास. कॉलेजला जास्त द्यायचे असले तरी द्यायचे नाहीत! बास्केटबॉलचे कोच कॅन्ससच्या कोर्टात गेले. खटल्याचं नाव लॉ विरुद्ध एनसीएए (फिर्यादीचं आडनावच लॉ, आम्ही लॉ स्कूलला यावर पुरेसे विनोद केलेत). सगळी कॉलेजं मिळून पगार बांधून टाकतात हे अँटीट्रस्ट (मक्तेदारीविरोधी) कायद्याविरुद्ध ठरलं, आणि १९९९ ला ५ कोटी ४५ लाख डॉलरवर तडजोड झाली.

आता गंमत बघा. १६ हजाराची मर्यादा बेकायदा, पण शून्याची मर्यादा चालूच राहिली. बेसबॉलला हेड कोच, दोन पगारी असिस्टंट, आणि चौथा "व्हॉलंटियर असिस्टंट कोच". काम पूर्णवेळ, पगार शून्य. नियमाप्रमाणे त्याला काय मिळू शकत होतं माहितीय? होम मॅचची दोन तिकिटं आणि टीमबरोबर असताना जेवण. तो पोट कशावर भरायचा तर उन्हाळ्यात शाळकरी पोरांचे कॅम्प घे, खाजगी शिकवण्या घे. २०१९ ला तिसरा पगारी असिस्टंट ठेवू द्या असा ठराव आला होता तो कॉलेजांनीच मतदानात पाडला. २०२२ च्या शेवटी दोन माजी व्हॉलंटियर, एक आर्कान्सॉचा आणि एक यूसी डेव्हिसचा, कोर्टात गेले. तोपर्यंत वारं फिरलं होतं, एनसीएएने १ जुलै २०२३ पासून ही जात रद्दच केली आणि चौथ्याला पगार द्यायला परवानगी दिली. परवानगी हं, सक्ती नाही. आणि त्या खटल्यात बेसबॉलच्या जुन्या व्हॉलंटियर कोचेससाठी ४ कोटी ९२ लाख ५० हजार डॉलरची तडजोड झाली.

तर बाबा, तुमच्या मुलाचे साडेसात हजार ऐकून वाईट वाटतं खरं, पण २०२३ च्या आधी मोठ्या मोठ्या युनिव्हर्सिटीत त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, बायकोमुलं असलेला माणूस शून्यावर होता.

पोळीभाजी

दोन तिकिटं!! आमच्या सोसायटीच्या वॉचमनला दिवाळीत यापेक्षा जास्त मिळतं.

निवांत_निशा

मला एक कळत नाही, लोक करायचेच का हे? शून्य पगारावर पूर्णवेळ? जबरदस्ती तर नव्हती ना कोणाची.

फंगोबाज

@निशाताई, जबरदस्ती नव्हती, रांग होती. तू नाही म्हणालीस तर मागे वीस जण उभे. आणि प्रत्येकाला वाटतं आपण दोन वर्षांत वर जाणार, कारण गेलेले दिसतात. एरिक बाकिच घ्या. २००२ ला क्लेमसनमध्ये व्हॉलंटियर होता. मग व्हँडरबिल्टला टिम कॉर्बिनच्या हाताखाली, मग मेरिलँडचा हेड कोच, मग मिशिगनचा, २०१९ ला मिशिगनला कॉलेज वर्ल्ड सिरीजच्या फायनलला नेलं आणि तिथे समोर कोण, तर कॉर्बिन आणि व्हँडरबिल्ट. हरला. आणि २०२२ ला क्लेमसनचाच हेड कोच होऊन परत गेला, जिथे फुकट राबला होता तिथेच.

वेस जॉन्सन तर त्याहून भारी. आर्कान्सॉत शाळेचा कोच होता, कॉलेजचा खेळाडू म्हणूनही कोणी नाव घेतलं नसतं. छोटी छोटी कॉलेजं करत पिचिंग कोच म्हणून आर्कान्सॉ युनिव्हर्सिटीत, तिथून २०१८ च्या शेवटी थेट मेजर लीगमधल्या (व्यावसायिक बेसबॉलची सगळ्यात वरची लीग) मिनेसोटा ट्विन्सचा पिचिंग कोच. मायनर लीग नाही काही नाही, थेट. आणि २०२२ ला सीझन अर्धा झालेला असताना मेजर लीग सोडून परत कॉलेजमध्ये, एलएसयूला (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) आला! पुढच्या वर्षी त्याच्या हाताखाली पॉल स्कीन्सने २०९ बळी, सॉरी, स्ट्राइकआउट घेतले, एलएसयू चॅम्पियन, आणि जॉन्सन जॉर्जियाचा हेड कोच.

टोनी व्हिटेलो सगळ्यांना माहितीय आता. मिझूरीत असिस्टंट, मग टीसीयू, आर्कान्सॉ, मग टेनेसीचा हेड कोच, २०२४ चं विजेतेपद, वर्षाला ३० लाख डॉलर, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मेजर लीगच्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने थेट मॅनेजर म्हणून उचलला (तिथे हेड कोचलाच मॅनेजर म्हणतात). प्रोफेशनल बेसबॉलमध्ये ना खेळलेला ना कोचिंग केलेला माणूस कॉलेजमधून थेट मेजर लीग मॅनेजर, हे आधी झालं नव्हतं.

तर पोरं हे बघतात आणि रांगेत उभी राहतात.

निवांत_निशा

म्हणजे लॉटरीचं तिकीट विकणाऱ्याच्या दुकानात जिंकलेल्यांचे फोटो लावतात तसं.

फंगोबाज

अगदी. माझ्याबरोबर त्या तीन वर्षांत स्टाफवर सहा तरुण पोरं होती. आज त्यातला एकच कॉलेज कोच आहे, एक टेक्सासमध्ये शाळेत इतिहास शिकवतो आणि दुपारी बेसबॉल (आणि खरं सांगू तोच सगळ्यात सुखी आहे), एक मेजर लीग टीमच्या डेटा विभागात, एक पोलिसात, एकाचा पत्ता नाही, आणि सहावा मी.

माझं कसं संपलं तेही सांगतो, देशातून आलेल्या पोरांना उपयोगी पडेल. एमएस संपलं, ओपीटीवर (विद्यार्थी व्हिसावर शिक्षणानंतर काम करायची परवानगी) पहिलं वर्ष बिनपगारी चालतं, आठवड्याला वीस तास दाखवायचे, त्यात टीमकडे राहिलो, शनिवार-रविवार नाही, सण नाही, साठवलेल्या पैशांवर. मग स्टेम एक्स्टेंशन, म्हणजे विज्ञान-गणितवाल्यांना त्याच परवानगीची वाढीव मुदत. त्याला पगार लागतोच, फुकट चालत नाही. कोचकडे गेलो, मला नोकरी द्या, आणि पुढे व्हिसाही. युनिव्हर्सिटीला एच-१बी च्या (नोकरीचा व्हिसा) लॉटरीची भानगड नसते, वर्षभरात कधीही करता येतो, मी सगळं वाचून गेलो होतो. कोच भला माणूस. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, मुला, माझ्याकडे एकाच माणसाचे पैसे आहेत आणि त्यातून मला उजव्या हाताने बॅटिंग प्रॅक्टिस टाकणारा पाहिजे. संपलं. बरगडीतले ते चार बॉल मला त्या दिवशी परत लागले.

शार्लटकर_बाबा

सगळ्यांचे आभार. इतकं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. मुलाला वाचून दाखवलं (त्याला मराठी कळतं, वाचता येत नाही, ही आमची चूक). बाकिचचं त्याला माहीत होतं. तो म्हणाला, बाबा, ऑपरेशन्समध्ये गेलो तर चार वर्षांनी मी उत्तम हॉटेल बुकिंग करणारा होईन, कोच नाही होणार. हे खरंय का? का नुसतं पटवायला बोलतोय?

फंगोबाज

अर्धं खरंय. ऑपरेशन्समधून कोच झालेले आहेत. पण तिथे हेड कोचच्या डोळ्यासमोर तुम्ही वेगळ्या कारणाने असता. बस वेळेवर आली, जेवण गरम होतं, उत्तम. कोणाचा फॉलो-थ्रू सुधारला हे तुमच्या खात्यावर जमा होत नाही. डिव्हिजन टूला माणसंच कमी, तेव्हा पहिल्या आठवड्यातच सांगतील, हे घे आउटफिल्डर्स, तुझे. चुका करायला मिळतात. मोठ्या ठिकाणी चूक करायला सुद्धा वरची पोस्ट लागते.

माझी चूक सांगतो. आमच्या वेळी पिच कोणता टाकायचा हे कोच डगआउटमधून आकड्यात सांगायचा. कॅचर आणि पिचर दोघांच्या मनगटावर पट्टी, तिच्या प्लास्टिकच्या खिशात बारीक अक्षरांचा तक्ता. कोच म्हणाला २-१-४ की दोघांनी तक्त्यात बघायचं, फास्टबॉल आत, वगैरे. समोरच्यांनी फोडू नये म्हणून दर मॅचला नवा तक्ता. तो छापायचा, कात्रीने कापायचा, खिशात सरकवायचा, हे माझं काम. एका शनिवारी पिचरला शनिवारचा घातला आणि कॅचरला शुक्रवारचाच राहिला. कॅचर हळू येणाऱ्या चेंजअपची वाट बघत बाहेरच्या बाजूला सरकला आणि आत आला नव्वदचा फास्टबॉल. ग्लोव्हच्या बाजूने निघून सरळ अंपायरच्या खांद्यावर. थर्ड बेसवरचा पोरगा चालत होम प्लेटला आला, म्हणजे समोरच्यांना फुकटची रन. पिचर कॅचरकडे बघतोय, कॅचर पिचरकडे, आणि मी माझ्या बुटांकडे. पिचिंग कोचने आरडाओरडा केला नाही. दोघांची मनगटं शेजारी शेजारी धरून बघितली, पट्टी काढली, माझ्या हातात दिली. त्या दिवसापासून कापायचं मी आणि खिशात घालायचं दुसऱ्याने अशी पद्धत पडली. आता कॅचरच्या कानात आवाज येणारं यंत्र आलंय, कात्रीची नोकरी गेली.

ओमाहाची_सून

मी ओमाहात, नेब्रास्का. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कॉलेज वर्ल्ड सिरीज १९५० पासून दर जूनमध्ये (२०२० चं कोव्हिडचं वर्ष सोडून) इथेच होते. ६४ टीम सुरू करतात, १६ गावांत रीजनल, मग ८ सुपर रीजनल, त्यातल्या शेवटच्या ८ इथे येतात. आधी रोझेनब्लाट स्टेडियम होतं, २०११ पासून डाउनटाउनचं नवीन. दोन आठवडे गावाची पंढरपूर यात्रा होते. पार्किंग मिळत नाही, लोक अंगणात गाड्या लावू देऊन पैसे कमावतात, आणि एका बारमध्ये कुठल्या कॉलेजचे पाठीराखे किती जेलो शॉट (दारू घातलेली जेली) पितात त्याचा फळा असतो (२०२३ ला एलएसयूवाल्यांनी ६८,८८८ प्यायले, विश्वास नसेल तर शोधा).

पण मी लिहायला आले ते वेगळ्याच कारणाने. दोनेक वर्षांपूर्वी रात्री दहा-साडेदहाला हायव्ही सुपरमार्केटात दूध आणायला गेले. पुढे रांगेत टीमचा पोलो शर्ट घातलेला एक मुलगा, दोन ट्रॉल्या. केळी किती असतील, शंभर तरी. पीनट बटरच्या बरण्या, बर्फाच्या पिशव्या, आणि वर एक मोज्यांचा जोड. मी म्हटलं पार्टी आहे का. तर म्हणाला मॅम, उद्या दुपारची मॅच आहे, मी ऑपरेशन्सचा, मोजे माझे आहेत, धुवायला वेळ नाही मिळाला पाच दिवस. मी विचारलं, मॅच बघायला तरी मिळते का? म्हणाला पहिल्या दोन इनिंग बघतो, मग जेवण कुठे पोचलं ते बघायला जावं लागतं. आणि एवढं बोलून असा काही हसला ना, की जगात त्याच्यापेक्षा नशीबवान कोणी नाही. कार्ड दोनदा डिक्लाइन झालं, खरेदीची रोजची मर्यादा संपली होती बहुतेक, तेव्हा त्याने स्वतःचं कार्ड काढलं.

त्याची टीम दुसऱ्या दिवशी हरून घरी गेली. मला उगाच त्या केळ्यांची हुरहूर लागली.

पोळीभाजी

स्वतःचं कार्ड काढलं इथे माझा जीव गेला. त्याला परत मिळाले असतील का पैसे?

वकीलीणबाई

मिळाले असतील, पावती ठेवली असेल तर, आणि फॉर्म भरायला वेळ मिळाला असेल तर :)

बाबा, एक कोरडा मुद्दा. दोन्ही ठिकाणी काँट्रॅक्ट बघा. या स्टाफच्या नोकऱ्या बहुतेक वर्षा-वर्षाच्या असतात आणि हेड कोच गेला की नवा येताना आपली माणसं घेऊन येतो. म्हणजे तुमची चूक नसताना जूनमध्ये गाशा गुंडाळायचा. शिवाय जून २०२५ मध्ये हाऊस सेटलमेंट (खेळाडूंच्या एनसीएएविरुद्धच्या खटल्यातली तडजोड) मंजूर झाल्यापासून त्यात सामील झालेली डिव्हिजन वनची कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षाला साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत, आणि त्यातला मोठा वाटा फुटबॉल-बास्केटबॉल खाणार. तिथे बेसबॉलला ११.७ स्कॉलरशिपची जुनी मर्यादा गेली आणि ३४ खेळाडूंची मर्यादा आली. खेळाडूंसाठी चांगलंच झालं, माझं काही म्हणणं नाही. पण अथलेटिक डायरेक्टर कात्री घेऊन बसला की आधी कोणाकडे बघतो, केळी आणणाऱ्याकडेच ना?

ग्रॅज्युएट असिस्टंटशिपमध्ये निदान मास्टर्स तुमच्या मुलाच्या नावावर राहतं, ते कोणी काढून घेत नाही. फी माफी संपूर्ण आहे का, उन्हाळ्याच्या टर्मची आहे का, इन्शुरन्सचं काय (२६ पर्यंत तुमच्यावर राहू शकतो), हे लेखी घ्या.

सदू_स्लिप

मला वाटतं दोन वर्षांची मुदत घाला. आमच्याकडे क्लब क्रिकेटला पोरांना असंच सांगतात, दोन सीझन, मग डिप्लोमा.

फंगोबाज

दोन वर्षं बरोबर, जीए (ग्रॅज्युएट असिस्टंटशिप) साधारण दोनच वर्षांची असते तशीही. त्यात त्याने करायचं काय ते सांगतो. उन्हाळ्यात घरी बसू नये, समर लीगला जावं, केप कॉड, नॉर्थवुड्स, कुठेही, तिथे वेगवेगळ्या कॉलेजांची पोरं येतात आणि प्रत्येक पोरगा परत जाऊन आपल्या कोचला सांगतो की अमुक माणूस चांगला होता. जाहिरात वाचून नोकरी लागलेला कोच मी बघितला नाही, सगळं ओळखीवर. जानेवारीत कोचेस असोसिएशनचं अधिवेशन असतं, २०२४ चं इथे डॅलसला होतं, मी उगाच जुन्या आठवणीने गेलो. भाषणं आत चालू आणि खरं अधिवेशन हॉटेलच्या लॉबीत. तरुण पोरं इस्त्रीचा पोलो घालून, बायोडेटाची फाइल काखेत, ओळखीचा हेड कोच लिफ्टमधून बाहेर यायची वाट बघत खांबाला टेकून उभी. मी पण उभा राहिलो जरा वेळ. कोणी विचारलं नाही, मी कोणाची वाट बघतोय.

आणि हो, डाव्या हाताने बॉल टाकता येत असेल तर बायोडेटात सगळ्यात वर लिहायला सांगा. चेष्टा नाही, डावखुरा बॅटिंग प्रॅक्टिस टाकणारा सोन्याच्या भावाने जातो.

शार्लटकर_बाबा

डावखुरा आहे!! लहानपणी त्याच्या आजीने जेवताना हात बदलायला लावायचा किती प्रयत्न केला होता.

निवांत_निशा

आजी हरली म्हणून नातवाला नोकरी :)) वहिनींचं काय म्हणणं आहे आता?

शार्लटकर_बाबा

(तीन आठवड्यांनी)

अपडेट द्यायला उशीर झाला. डिव्हिजन टूच घेतली. फी माफी पूर्ण आहे, उन्हाळा धरून, वकीलीणबाईंच्या कृपेने लेखी घेतलं. काल सोडून आलो, सहा तासांचा ड्राइव्ह. अजून दोन असिस्टंटांबरोबर एका घरात राहणार, बास्केटबॉलचा एक आणि सॉकरचा एक. फ्रीजमध्ये मोहरीची एक बाटली आणि बॅटरी सेल होते.

ही येणार नव्हती, आली. सकाळी निघायच्या आधी मैदान बघायला गेलो. सात वाजले होते, गवत ओलं, बुटात पाणी. कोणीच नव्हतं, फक्त तो आणि लवकर आलेला एक शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला फिल्डर). हा ती लांबडी बॅट घेऊन त्याला ग्राउंडर देत होता. मारायचा, थांबवायचा, जवळ जाऊन त्याचा डावा पाय दोन इंच बाहेर सरकवायचा, परत मागे येऊन मारायचा. चाळीसेक वेळा तरी. ही गाडीत बसून बघत होती. मला म्हणाली, तो शाळेत गणित शिकताना असा का नाही बसला कधी. एवढंच.

परतीच्या वाटेवर मला विचारते, बसने पाच-सहा तास प्रवास करतात तर काय टिकेल, धपाटे की दशम्या? म्हटलं धाग्यावर विचारतो.

ओमाहाची_सून

दशम्या. पाण्याचा थेंब न घालता दुधात भिजवायच्या, तीन दिवस काही होत नाही. धपाट्यात कांदा घातलात तर दुसऱ्या दिवशी बसमधून उतरवतील त्याला.

पोळीभाजी

धपाट्यात कांदा कोण घालतं??

ओमाहाची_सून

आम्ही घालतो. सोलापूरकडे घालतात.

पोळीभाजी

मी सोलापूरची आहे आणि आमच्याकडे नाही घालत. वेगळा धागा काढा.

फंगोबाज

कशाही द्या वहिनी, पण त्याला सांगा डगआउटमध्ये उघडायच्या नाहीत, अख्खी टीम आहे. बॉलच्या बादलीत तळाला ठेवायच्या, वर दोन थर बॉल. मी तीन वर्षं चिवडा तसाच खाल्लाय.